स्प्रिंग कापू न देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

मजुरी तुम्ही ठरल्याप्रमाणे घेतलीत, एक रुपया सोडला नाहीत. त्यामुळे हे पत्र फुकट केलेल्या कामाबद्दल नाही. त्या मजुरीत न मावणारं बरंच काही होतं, आणि त्याबद्दल तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "चहा सांगू का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला चहा सांगता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, १९६९ ची; दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. सासऱ्यांकडून आली. लोकांना सासुरवाडीहून सोनं मिळतं, मला गंज मिळाला, तक्रार नाही. स्प्रिंग थकून गाडी पुढून बसली होती, आणि उजवीकडे जरा जास्तच, कारण अशा गाडीत बहुतेक वेळा ड्रायव्हर एकटाच असतो. आधीच ही गाडी जमिनीलगत, त्यात पुण्यात जो तो आपापल्या सोसायटीसमोर आपल्या हिशेबाने स्पीडब्रेकर घालतो. प्रत्येक उंचवट्यावर पोटात गोळा यायचा, माझ्या आणि गाडीच्याही.

सल्ले मुबलक मिळाले. कुणी म्हणालं, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर ठोका, दोनशे रुपयांत गाडी वर. एका गॅरेजवाल्याने तर डावीकडचं एक वेटोळं कापून दोन्ही बाजू सारख्या करून देतो म्हणून ग्राइंडर हातात घेतला होता. तिथून मी मंगळवार पेठेत तुमच्या शेडमध्ये आलो, जुन्या बाजारात इंची पाने विकणाऱ्या माणसाने पत्ता दिला म्हणून. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, बॉनेट पुढे उलटवलंत, आत वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ही तर हेराल्ड आहे."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर काढली ती हेराल्डच्याच अंगाखांद्यावर. दोन्हींचं रूप मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. आणि हेराल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनत होती, स्टँडर्ड कंपनीत. पण ही वंशावळ वाचलेली असणं वेगळं आणि तिच्या हाडांना हात लागलेला असणं वेगळं. तेव्हाच्या रस्त्यावरच्या तीन गाड्यांपैकी अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, फियाटला आणि हेराल्डला वेटोळ्यांची कॉइल स्प्रिंग, हे तुम्ही असं सांगितलंत जसं कुणी नातेवाइकांच्या खोडी सांगावं.

मग तुम्ही काम सुरू केलं नाहीत. पहिले आभार याचेच. तुम्ही ओळंबा काढलात, गवंड्याचा असतो तसला, चाकाच्या कमानीवरून सोडलात आणि कमानीपासून चाकाच्या मध्यबिंदूपर्यंत माप घेतलंत. जमिनीपासून का नाही, असं विचारल्यावर "टायरात हवा कमीजास्त असते, तिचा हिशेब कोण ठेवणार" एवढंच उत्तर. ड्रायव्हरच्या सीटवर सिमेंटचं पोतं बसवलंत, वर हत्यारांची पेटी ठेवलीत आणि पुन्हा मापलंत. सगळे आकडे खडूने भिंतीवर.

नाना पेठेतून मी स्प्रिंगची एक जोडी आणली होती. उंची बरोबर, व्यास बरोबर, भाव तर फारच बरोबर. तुम्ही बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावलात आणि जोडी बाजूला ठेवलीत: तार जाड आहे. अगदी किंचित. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, हे सूत्र फळ्यावर लिहून माझे खडू झिजले आहेत. तार ५ टक्के जाड झाली की स्प्रिंग २१ टक्क्यांहून जास्त कडक. ते मला पाठ होतं, पण तुम्हाला ते बोटांत होतं. कापण्याबद्दलही तेच. वेटोळं कमी केलं की उरलेली स्प्रिंग कडक होते, म्हणजे गाडी खालीही बसते आणि दणकेही जास्त देते. "एकात दोन नुकसान," तुम्ही म्हणालात, आणि बफरवाल्यांची वासलातही त्याच दमात लावलीत: रबर जिथे अडकतं तिथली वेटोळी काम करायची थांबतात. शेवटी मूळ मापाच्या स्प्रिंग इंग्लंडहून मागवल्या. पार्सलला आणि कस्टमला लागायचा तो वेळ लागला. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत, मलाही करू दिली नाहीत.

आता स्प्रिंग काढायचा दिवस. या गाडीला एक सोय आहे: स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच बाहेर येतात. वर तीन नट, खाली विशबोनमधून, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या हातामधून, जाणारा एक बोल्ट. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. मागच्या चाकांना लाकडी गुटके. उतरवलेलं चाक आडवं करून चासीखाली सरकवलेलं. त्या तीन नटांच्या मधोमध आणखी एक नट असतो. त्यावर तुम्ही लाल रंगाचा ठिपका दिलात आणि मला म्हणालात, "याला गाडीवर हात लावायचा नाही. हा सुटला की स्प्रिंग तुझी राहत नाही." स्प्रिंग विशबोनच्या टोकाला नाही, अलीकडे बसते, त्यामुळे तिच्यावर त्या चाकाच्या वाट्याच्या वजनापेक्षाही जास्त भार असतो. हे मी वर्गात तरफेच्या धड्यात सांगू शकलो असतो. पोटात भीती बसवायचं काम लाल ठिपक्याने केलं.

स्प्रिंग दाबून धरायला बाजारात हुकवाले कॉम्प्रेसर मिळतात, त्यांवर तुमचा विश्वास नाही. दोन जाड पाट्या आणि तीन लांब स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्या, असलेलं तुमचं स्वतःचं यंत्र, भोवती साखळीचा वेढा, आणि प्रत्येक स्टड पाळीपाळीने अर्धा फेरा. डावी बाजू तुम्ही केलीत. उजवी मला करायला लावलीत आणि स्वतः स्टुलावर बसून बघत राहिलात. बोललात फक्त एकदा, मी १४ मिलिमीटरचा पाना उचलला तेव्हा: "इंची घे." नट ९/१६ इंचाचा. १४ चा त्यावर चढत नाही आणि १५ चा त्याचे कोपरे खातो.

खरी गोम मात्र शेवटी होती, आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी ती इथे मुद्दाम लिहितो. सगळं बसल्यावर मी विशबोनच्या बुशांचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट आवळायला घेतले, तर तुम्ही थांबवलंत. चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली, पोतं पुन्हा सीटवर, गाडी ढकलून थोडी मागेपुढे केली, बॉनेटवर नाही तर चासीवर दाब देऊन दोनचारदा हलवली, आणि मग खाली शिरून बोल्ट आवळले. चाक लोंबकळत असताना आवळलं तर बुशातलं रबर त्याच कोनात पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वर गाडीही खोटी उंच दिसते. मोठमोठ्या एसी वर्कशॉपमध्ये मी हे करताना कुणाला बघितलेलं नाही.

तसंच त्या खालच्या पितळी ट्रनियनचं, म्हणजे चाक वळताना ज्यात फिरतं त्या आट्यांच्या सांध्याचं. मी ग्रीसगन घेऊन सरसावलो होतो. तिथे ग्रीस नाही, ९० चं गिअर ऑइल, म्हणालात. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे पडतात, गंजतात आणि एक दिवस चाक आडवं होतं. नेमकं वळणावर.

स्प्रिंग बसायला थोडं फिरवा, मग अलाइनमेंट करा असं सांगितलं होतंत. कात्रजचा जुना घाट चढून-उतरून आलो, मग केलं. ओळंब्याने मापलं तर दोन्ही बाजूंत फरक उरलाय तो बोटाच्या नखाएवढा, तोही पोतं उतरवलं की उलट बाजूला जातो. सासरे शेजारी बसले होते. वारजेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आवाज कुठे गेले सगळे?" त्यांच्याकडून ही दादच समजायची.

मागची आडव्या पाट्याची स्प्रिंग थंडीत बघू म्हणाला आहात. ती उचलायचं हत्यार तुमच्याकडे नाही, मीही शोधतोय. मिळालं की कळवतो. आणि नाना पेठेतली ती जाड तारेची जोडी अजून तुमच्या फळीवर आहे. दुकानदार परत घ्यायला तयार झालाय, फक्त पावती मागतो. पावती तुमच्या खडूच्या डब्यात ठेवली होती, तेवढी बघून ठेवा.

आपला,
पिवळ्या स्पिटफायरवाला मास्तर