गुन्ह्याच्या बातमीत जमातीचे नाव कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरफोडीचा किंवा दरोड्याचा तपास लागला की मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर ‘पारधी टोळी जेरबंद’ अशा धर्तीचा मथळा हमखास वाचायला मिळतो. आरोपी मराठा, माळी, ब्राह्मण किंवा लिंगायत असेल, तर त्याची जात मथळ्यात कधीच येत नाही. तेथे तो केवळ ‘सराईत गुन्हेगार’ किंवा अमुक गावचा तरुण असतो. अशा बातमीच्या वेळी आरोपपत्रही दाखल झालेले नसते आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातील मजकूर बहुधा शब्दशः उतरवलेला असतो. ज्या संदर्भात एखाद्या जातीची किंवा समूहाची मानहानी होते, तेथे तिचा उल्लेख टाळावा, असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत सांगितलेले आहे. तिचा विसर एकट्या आपल्या वृत्तपत्राला पडला आहे असे नव्हे. पण मी आपला वाचक असल्याने हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

जन्मावरून संशय घेण्याची ही पद्धत आपल्याकडे कायद्याने रुजवली. १८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने काही जमाती सबंधच्या सबंध गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोयही ठेवली नाही. १९११ मध्ये त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवण्याची वसाहत, उभी राहिली; तेथील माणसे कापड गिरण्यांत राबत आणि ठरल्या वेळी हजेरी देत. मूलही त्या कुंपणात जन्माला आले की संशयितच. याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहारेकरी म्हणून नेमले, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. कारण ‘त्या काळी सगळे तसेच होते’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा रद्द केला. या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा आला. त्यात जमातीचे नाव नव्हते, वैयक्तिक शिक्षांचा आधार होता. पण कायदा बदलला तरी पोलीस ठाण्यातील सवय बदलली नाही. तालुक्यात कोठे मोठी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांवर जाते, पुरुष सापडला नाही तर बायकांना दटावले जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला सराईत गुन्हेगारांविषयीचे असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, तिच्या मुळाशी हेच वास्तव होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. या जमातींतील काही जण गुन्हे करतात, पोलिसांना अनुभवातून ते ठाऊक असते, मग तेथे आधी शोध घेतला तर काय बिघडले, असे विचारले जाते. काय बिघडते, ते नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यातून दिसते. जून २००३ मध्ये शेतावरील एका झोपडीत दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली, बलात्कार झाले. त्यातून वाचलेल्या स्त्रीने दोन दिवसांत पोलिसांकडील छायाचित्रांच्या संग्रहातून चार जणांना ओळखले. त्या चौघांना सोडून भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर आरोपी म्हणून उभे करण्यात आले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांची फाशी निश्चित केली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळच्या थरातील आणि अत्यंत गरीब असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. सोळा वर्षांच्या बंदिवासाचे मोल म्हणून ही रक्कम किती तोकडी आहे, ते असो. माझा मुद्दा निराळा आहे. सहा निरपराध माणसे फाशीच्या छायेत होती, तेव्हा ज्यांना त्या स्त्रीने ओळखले होते त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. जमात पाहून केलेल्या तपासाने त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

हाच अनुभव अमेरिकेतही आला. न्यूयॉर्क पोलिसांनी २०११ या एका वर्षात लोकांना रस्त्यात थांबवून चौकशी व झडती घेण्याच्या सुमारे ६ लाख ८५ हजार नोंदी केल्या. थांबवलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे होते आणि दहांतील जवळपास नऊ जणांवर कोणतीही कारवाई करावी लागली नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुढे अशा झडत्या काही हजारांवर आल्या, तरी गुन्हेगारी वाढेल हे भाकीत खरे ठरले नाही. २०११ मध्ये त्या शहरात पाचशेहून अधिक खून झाले होते, २०१७ मध्ये तीनशेहून कमी.

संशयाची ही सवय पोलीस ठाण्याच्या आवारात थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी फिरत गेलेली ती माणसे होती. समाजमाध्यमांवरील अफवेला त्याचा दोष दिला गेला आणि तो खराच आहे. परंतु अंगावर फकिरी वेष आणि खांद्यावर झोळी असलेला परका माणूस म्हणजे चोर, ही समजूत मोबाइल येण्यापूर्वीपासून गावोगावी तयार होती. अशा समजुतीला रोजचे मथळे खतपाणी घालतात. ज्यांच्यावर हा शिक्का आहे, ती माणसे स्वतःवर अन्याय झाला तरी ठाण्याची पायरी चढायला कचरतात. त्यांना शेतावर राखणीचे काम मिळत नाही, गावाजवळ पाल ठोकू दिले जात नाही, शाळेत वस्तू हरवली की पहिले दप्तर त्यांच्या मुलाचे तपासले जाते. मी शिक्षक होतो. हे शेवटचे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या विषयाला दोनदा हात घातला. मे महिन्यात दिल्लीतील एका प्रकरणात, केवळ मागास पार्श्वभूमीमुळे निरपराध माणसांची हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे नजर ठेवण्यासाठी पोलिसांनी ठेवलेल्या नोंदपत्रात, यांत्रिकपणे नोंद होऊ नये, असे न्यायालयाने बजावले आणि राज्यांना आपापली पद्धत तपासण्यास सांगितले. ३ ऑक्टोबरला, एका पत्रकाराच्या शोधवार्तेतून पुढे आलेल्या याचिकेवर निर्णय देताना, तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची दक्षता घेण्याचा आदेश पोलिसांना दिला. या आदेशांनंतर महाराष्ट्रातील प्रत्येक पोलीस ठाण्यात किती हिस्ट्रीशीट तपासल्या गेल्या आणि किती बंद झाल्या, हे गृह विभागाने जाहीर करावे. आपल्या वार्ताहरांनी हाच प्रश्न पुढच्या पत्रकार परिषदेत जिल्हा पोलीस अधीक्षकांना विचारावा. गुन्ह्याच्या बातमीतून आरोपीची जमात वगळण्यासाठी मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही; तो निर्णय आपल्या संपादकीय विभागाला आजच्या आज घेता येईल आणि तो घेतला जावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, बार्शी (जि. सोलापूर)