पासिंगचा शिक्का आणि धड गाडी

ती. आई व बाबा यांना शि. सा. नमस्कार,

घ्यायच्या म्हणून तुम्ही बघितलेल्या दोन्ही जुन्या गाड्यांच्या कागदांचे फोटो मोठे करून नीट पाहिले. २०१० ची अल्टो, एमएच २४, पुन्हा पासिंग होऊन २०३० पर्यंत. आणि २०१६ ची वॅगनआर, एमएच १२, पासिंग २०३१ पर्यंत. बाबा, तुमचा कल अल्टोकडे आहे हे तुमच्या मेसेजवरून कळलंच. आरटीओनं आत्ताच तपासलीय, आता पाच वर्षं बघायला नको, हे एजंटचं बोलणं तुम्हाला पटलेलं दिसतंय. त्याच शिक्क्यावर तो भाव चढवतोय. त्या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, एवढं आधी ठरवून टाका. का ते सांगते.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांची होते. मधल्या काळात ती गाडी कुणी तपासत नाही. म्हणजे वॅगनआरच्या आरसीवरचं २०३१ हे निव्वळ २०१६ अधिक १५ आहे. गाडी चाळीस हजार किलोमीटर पळालेली असो की दोन लाख, तारीख तीच. ब्रिटनमध्ये तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी होते, त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग नोंदलं जातं आणि नुसता गाडी नंबर टाकून कुणीही सगळा इतिहास पाहू शकतं. आपल्याकडे पहिली तपासणी पंधराव्या वर्षी, मग दर पाच वर्षांनी. टॅक्सी पासिंगच्या गाडीचं तेवढं वेगळं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

आता अल्टो पास झाली म्हणजे काय पाहिलं? हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, टायर, स्टिअरिंग, ब्रेक, धूर, चेसिस नंबर. सगळं रस्त्यावरच्या सुरक्षिततेचं, आणि त्या एका दिवसापुरतं. इंजिनाचं कॉम्प्रेशन, क्लच प्लेट, गिअरबॉक्स, एसी, ऑइल पिते का, यातलं काहीही त्यात येत नाही. तुम्हाला खर्चात पाडणार तेच. शिवाय पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर चढवून आणायची रीत जुनीच आहे. म्हणून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. ३२१८ असेल तर २०१८ सालचा ३२ वा आठवडा. पासिंग २०२५ चं आणि टायर सात वर्षांचे, भेगा पडलेले दिसले तर समजून घ्या. तपासणी यंत्रावर झाली असेल तर रिपोर्टचा कागद मागा. त्यात डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये बराच फरक दिसला, तर छोट्या गाडीत बहुतेकदा मागच्या ड्रममधला व्हील सिलेंडर गळत असतो आणि लायनर ब्रेक ऑइलनं भिजलेले असतात.

मग बघायचं कशात? पीयूसीत. सगळे तो कागद पोलिसाला दाखवायला ठेवतात, पण खासगी गाडीची इंजिनाबद्दल आकड्यात बोलणारी सरकारी नोंद तेवढीच आहे. ऑनलाइन फक्त चालू पीयूसी निघते, त्यासाठी चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक लागतात. जुन्या पीयूसी मालकाच्या डॅशबोर्डच्या खणातच सापडतील. मागून घ्या.

वॅगनआर बीएस-४ आहे, म्हणजे भारत स्टेज-४ या प्रदूषण नियमांनुसार बनलेली, तिला पीयूसी वर्षातून एकदा. अल्टो त्याआधीची, तिला दर सहा महिन्यांनी. मर्यादाही वेगळ्या. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम. अल्टोला सीओ ०.५ आणि एचसी ७५०. आता अल्टोचा कागद पाहा: एचसी ६१२, खाली "पास". हाच आकडा वॅगनआरचा असता तर तिप्पट नापास. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओ ठीक आणि एकटा एचसी चढलेला असेल तर एखादा सिलेंडर नीट पेटत नाहीये. प्लग किंवा वायर गेली असेल तर स्वस्तात सुटतं. व्हॉल्व्ह सील, रिंगा गेल्या असतील तर इंजिन खोलावं लागतं. ओळखायला घाटाचा उतार बरा. गाडी गिअरमध्येच ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून खाली आणा आणि सपाटीला आल्यावर जोरात दाबा. मागे निळसर धुराचा लोट आला तर सील गेलेत.

वॅगनआरच्या तीन पीयूसी आहेत. एचसी ४२, मग ५५, मग १४८. सीओ ०.०४, ०.०६, ०.१९. तिन्ही पास, पण शेवटच्या वर्षी उडी आहे आणि ती मला खटकली. पण त्याच कागदावर खाली हाय आयडलिंगची, म्हणजे साधारण २५०० आरपीएमची ओळ आहे. तिथे सीओची मर्यादा ०.२ आणि वॅगनआरचा आकडा ०.०३. लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १.०१, तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. इंजिन फिरलं की धूर साफ होतो, याचा अर्थ धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे आणि काम करतोय. दोष आयडलिंगचा: थ्रॉटल बॉडीत काजळी, झिजलेले प्लग (तीनच आहेत), फार तर इंजेक्टर. किंवा गाडी थंडच मशीनला लावली असेल, कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. दोन्ही ओळी चढलेल्या असत्या तर मी ही गाडी सोडा म्हटलं असतं. लॅम्डा १.०३ च्या वर असेल तर सायलेन्सरला भोक आहे का ते आधी बघायचं, बाहेरची हवा आत शिरूनही तो आकडा वाढतो.

आणखी एक बारकावा. दरवर्षी एचसीचा आकडा तोच्या तोच असेल, तर नळी सायलेन्सरमध्ये घातलेलीच नाही, कागद घरबसल्या आलाय. आणि दोन पीयूसींमध्ये मोठा खंड असेल तर बहुतेक गाडी उभी होती. अल्टोच्या कागदात दीड वर्षाचा खंड आहे आणि नवी पीयूसी थेट पासिंगच्या आठवड्यातली. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, बॅटरी बसते, वायरी उंदीर कुरतडतात. त्यात ही लातूरकडची. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, सिंदफणा, गोदावरीकाठी काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाकडे गाळाची रेघ असते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती, हेडलाइटच्या आत ओल दिसली, तर भाव न करता परत या.

आरसीवरचं बाबांना मी काय शिकवणार, सातबाऱ्यावरचा बोजा आणि मागचे फेरफार ते जसे वाचतात तसंच हे वाचायचं. मालक कितवा, बँकेचा बोजा उतरवलाय का (फॉर्म ३५), चलनं थकलेली आहेत का, सीएनजी किट असेल तर आरसीवर चढवलंय का आणि सिलेंडरची तीन वर्षांनी होणारी टेस्ट झालीय का.

विम्याच्या जुन्या पॉलिस्या मात्र जरूर मागवा. दावा केला नाही तर नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा दरवर्षी चढतो. वॅगनआरचा २०२२ मध्ये ३५ होता, २०२३ मध्ये शून्य, मग २०, मग २५. म्हणजे बहुतेक २०२२-२३ मध्ये दावा झालाय. एजंट मात्र "एक ओरखडा नाही" म्हणतोय. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट पाहा. रंग उडालेला असेल तर ते खोललेत. दारांच्या काचांवर साल कोरलेलं असतं, एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती बाजू ठोकली गेलीय. बंपर, मडगार्ड बदललं तर बिघडत नाही. डिकीचा तळ किंवा पुढचा चेसिसचा भाग वेल्डिंग केलेला असेल तर नको.

किलोमीटरची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर धड मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला असते. मालकाला सोबत घेऊन लातूरच्या सेंटरवर सर्व्हिस हिस्ट्री काढायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसचं रीडिंग चढत गेलं पाहिजे. मीटर ५८,००० दाखवतोय पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकाकतंय, असं नसतं.

तिथेच रेडिएटरचं झाकण उघडायला लावा, इंजिन थंड असताना. आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची सवय, क्षार आत साचून नळ्या चोंदतात आणि मे महिन्यात गाडी गरम होते. पांढरी खपली किंवा तांबूस पाणी दिसलं तर रेडिएटरचा खर्च भावातून वजा करा. आणि अल्टोच घ्यायची झाली तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती हवी. वॅगनआरच्या या इंजिनाला चेन आहे, ती भानगड नाही.

आई, पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते असं तू म्हणालीस, तो वयाचा नियम दिल्लीकडचा. इथे तपासणीत पास झाली की चालते. फक्त पुन्हा पासिंगची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा.

माझं मत वॅगनआर. रविवारी ती वीस मिनिटं चालवून, गरम असतानाच तुमच्या समोर नवी पीयूसी काढायला लावा. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे, एजंट टाळाटाळ करेल, तुम्ही द्या. आयडलिंगचा एचसी शंभराच्या आत आला तर पुढचं बोलू. दीडशेच्या पुढे गेला तर फिटरला प्लग काढून दाखवायला सांगा: कोरडी काजळी चालेल, तेलकट नको. कागदाचा फोटो मला पाठवा, दोन्ही ओळी दिसतील असा. तोवर टोकन द्यायचं नाही. व्यवहार झालाच तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या त्याच दिवशी, आणि विमा १४ दिवसांच्या आत बाबांच्या नावावर.

तुमची,
मनू