कोळसा खाणीतल्या स्त्रियाही महायुद्धाच्या इतिहासात हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महायुद्धांच्या काळातील स्त्रियांच्या कामगिरीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचले. युरोपातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या कामगार स्त्रिया, परिचारिका, वैमानिक आणि गुप्तहेर या सर्वांची दखल त्यात आहे. मात्र दुसऱ्या महायुद्धात आपल्याच देशात जमिनीखाली उतरून कोळसा वाहणाऱ्या मजूर स्त्रियांचा उल्लेख कुठेच आढळला नाही, याचे फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

झरिया (आजचे झारखंड) आणि राणीगंज (आजचा पश्चिम बंगाल) येथील कोळसा खाणपट्ट्यात पूर्वापार जोडीने काम चाले. नवरा कोळसा तोडत असे आणि बायको तो टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन टबपर्यंत, म्हणजे रुळांवरच्या कोळशाच्या डब्यापर्यंत, नेत असे. या स्त्रियांना तिकडे 'कामीन' म्हणत. त्यांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम सरकारने १९२९ मध्ये केले, १९३५ मध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार झाला आणि १९३७ मध्ये आपल्याकडे बंदी पूर्ण झाली. बंदीमागील हेतू चांगला होता. पण जोडीची मजुरी एकट्यावर आली, तेव्हा त्या घरांचे काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको.

पुढे युद्ध आले. लष्करी रस्ते आणि विमानतळ यांच्या बांधकामावर रोजगार अधिक मिळू लागल्याने खाणीतला मजूर तिकडे गेला. रेल्वे, पोलादाचे कारखाने आणि युद्धसामग्रीचे उत्पादन ज्यावर चालत होते तो कोळसाच कमी पडू लागला. तेव्हा, ज्या वर्षी बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत होती त्याच १९४३ साली, सरकारने बंदी उठवली आणि स्त्रिया पुन्हा खाणीत उतरल्या. ही सवलत बंगाल-बिहारपुरती नव्हती, मध्य प्रांतालाही ती लागू होती. आजचा आमचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणींत स्वतः उतरून पाहणी करून आले. बंदी उठवण्यावर देशातील स्त्री-संघटनांनी आणि परदेशातूनही कडक टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा ही आणीबाणीपुरती तात्पुरती तजवीज आहे, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले. शिवाय या कामात स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व लागू केल्याचेही आवर्जून नमूद केले. टीकाकारांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. गरोदर बाईने खाणीत उतरावे, याचे समर्थन कोणत्याही युद्धाने होत नाही, आणि खाणीतील प्रसूती-लाभाच्या कायद्यात १९४५ मध्ये दुरुस्ती करावी लागली, ती काही उगाच नव्हे. पण समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशात ज्या स्त्रियांच्या बाबतीत सरकारने इतक्या लवकर मान्य केले, त्या स्त्रिया निरक्षर, बहुतांशी आदिवासी आणि दलित मजूर होत्या, हे आपल्या किती वाचकांना ठाऊक असेल?

युद्ध संपले आणि फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. गरज होती तेव्हा बोलावले, सरली तेव्हा खाणीबाहेर काढले. त्यांच्या नावाचा एखादा स्मृतिस्तंभ माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी आयुष्यभर भूमिगत खाणीच्या लॅम्प रूममध्ये नोकरी केली. दिवा घेऊन खाली जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद माझ्या हातून होई आणि त्या रजिस्टरात बाईचे नाव कधीच नसे, कारण १९५२ च्या खाण कायद्यानेही स्त्रियांना भूमिगत कामास मनाई होती. बायका कधी खाली उतरल्याच नसतील, असे मीही खरेच समजत होतो. निवृत्तीनंतर वाचन केले तेव्हा कळले, आणि इतकी वर्षे त्याच बोगद्यांच्या तोंडाशी बसून आपण हे जाणले नाही, याची खंत अजून जात नाही.

२०१९ मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर खाणीत उतरलेल्या तरुण अभियंत्या मुलींचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र खाणीत उतरणाऱ्या या 'पहिल्याच' स्त्रिया, असे बातम्यांत लिहिले जाते तेव्हा त्या हजारो कामिनींवर अन्याय होतो. पहिल्या अभियंता म्हणावे; पहिल्या स्त्रिया म्हणू नये.

१९४३ साली वीस वर्षांची असलेली कामीन आज शंभरी ओलांडलेली असेल. त्या आता भेटणे कठीण, पण त्यांची मुले-नातवंडे खाणपट्ट्यातील वसाहतींत आहेत. आपल्या चंद्रपूर, वणी आणि छिंदवाड्याकडील वार्ताहरांनी जुन्या खाणकामगार कुटुंबांकडे जाऊन आजी-पणजीविषयी विचारावे आणि जे मिळेल ते आपण छापावे, ही विनंती. वणी-बल्लारपूर भागात त्यांच्यासोबत घरोघरी फिरण्यास मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त खाण कर्मचारी
बल्लारपूर, जि. चंद्रपूर