लिव्हिंग विल : शिक्का पुरेसा नाही, मजकूर तपासा

संपादक महोदय,

'लिव्हिंग विल करून ठेवा', म्हणजे आपण बोलू शकणार नाही अशा अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवा, हा सल्ला योग्यच आहे. पण त्यासाठी हातोहात फिरणारे तयार नमुने ऐन वेळी वाद ओढवून घेणारे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही बंधनकारक केली होती. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. तरी न्यायदंडाधिकाऱ्यांचा रकाना असलेले जुने कागद अजून विकले जातात. तो रकाना रिकामा दिसला की नाराज नातेवाइकाला आयते निमित्त मिळते.

खरी मेख मजकुरात आहे. 'बरे होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर ठेवू नये' हे वाक्य ऐकायला ठीक. पण आशा नाही हे कोणी ठरवायचे, आणि यंत्रे म्हणजे कोणती? विलमधील निर्देश संदिग्ध असेल तर त्यावर निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने तो अमलात आणू नये आणि विल नसलेल्या रुग्णाची पद्धत वापरावी, असे न्यायालयाने बजावले आहे. म्हणजे कागद असूनही नसल्यासारखा. म्हणून व्हेंटिलेटर, सीपीआर (थांबलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू करणे), डायलिसिस, नळीवाटे अन्न, रक्तदाब टिकवणारी औषधे यांची नावे घालावीत आणि काय कोणत्या अवस्थेत नको ते लिहावे. 'सुरू करू नये' एवढ्यावर थांबू नये, 'सुरू केले असल्यास काढावे' हेही हवे. तातडीच्या विभागात श्वासाची नळी आधी घातली जाते, कागद मागाहून सापडतो. वेदनाशमन चालू ठेवण्याचे वाक्य विसरू नये. 'इंजेक्शन देऊन सोडवा' असे मात्र चुकूनही लिहू नये. ते बेकायदा आहेच, शिवाय साऱ्या दस्तावर शंका आणते.

उपचार थांबवायला आपल्या वतीने संमती देणाऱ्या एकाहून अधिक व्यक्ती विलमध्ये नेमता येतात. पण 'दोन्ही मुलांच्या संमतीने' असे लिहिले आणि एकजण परदेशी, फोन न उचलणारा निघाला, की सगळे अडले. क्रम द्यावा : आधी अमुक, ते उपलब्ध नसल्यास तमुक. काहीजण हा अधिकार साध्या मुखत्यारपत्रात कोंबतात. देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी! मालमत्तेच्या मृत्युपत्रात लिहिणे तर त्याहून निरर्थक, ते उघडतेच मृत्यूनंतर. विल रद्द करायचे तर लेखीच, आणि दोन निघाल्यास शेवटी सही केलेले ग्राह्य.

एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कस्टोडियन (विल जपून ठेवणाऱ्या) अधिकाऱ्याकडे आणि एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. राज्यात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले.

पुढची अडचण रुग्णालयात येते. उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ हे प्राथमिक मंडळ. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून अंमल. मंडळाकडून नकार मिळाला तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. यात जिल्ह्याचा डॉक्टर आधीच नेमलेला नसेल तर ४८ तास त्याच्या शोधात जातात. आरोग्य विभागाने ही नावे आणि कस्टोडियनचा दूरध्वनी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व नगरपालिकेत फलकावर लावावा, एवढी मागणी आहे.

— एक वकील, पुणे