पाळकालाही दार लावून घेऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कामाच्या ताणाने थकलेले डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांच्याविषयी आता वृत्तपत्रांतून मोकळेपणाने लिहिले जाते. चर्चमधली मंडळी सांभाळणाऱ्या ख्रिस्ती पाळकाची, म्हणजे पास्टरची, विचारपूस मात्र सहसा होत नाही. रोज देवाचे नाव घेणारा माणूस आतून रिता होत असेल, ही शंकाच कोणाच्या मनाला शिवत नाही. मी पाळक आहे. केस पांढरे होईपर्यंत हेच काम केले, आणि उमेदीने आलेल्या तरुण सेवकांना थकून सेवा सोडतानाही जवळून पाहिले. म्हणून हे पत्र.

पाळक लोकांना दिसतो तो रविवारी. एरवी घरभेटी, इस्पितळ, नवराबायकोची भांडणे, तरुण संघाची सभा, गायकवृंदातले रुसवेफुगवे. सकाळी कबरेत मूठभर माती टाकायची आणि संध्याकाळी नवदांपत्याला आशीर्वाद द्यायचा, असेही दिवस येतात. या सगळ्यात प्रार्थना चालूच असते: आजाऱ्याच्या खाटेशेजारी, सभेच्या सुरुवातीला, सभेच्या शेवटी. पण ती दुसऱ्यांसाठी आणि दुसऱ्यांच्या ऐकण्यात केलेली असते. शब्द तोंडात बसलेले असतात, मन थकलेले असले तरी ते येतात. तेवढ्यावर पाळकाचा स्वतःचा जीव तगत नाही.

‘सेवा हीच माझी प्रार्थना’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे, पण हे म्हणणे मला पटत नाही. खुद्द प्रभू येशूने तसे केले नाही. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय पाहा. कफर्णहूमात सूर्यास्तानंतर सगळे गाव दाराशी लोटते आणि तो पुष्कळांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांती जाऊन प्रार्थना करतो. त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला गाठून सांगतात की सगळे तुला शोधत आहेत. यावर तो कफर्णहूमात परत न जाता आसपासच्या गावांकडे निघतो. दाराशी पुन्हा गर्दी जमलेली असणार, तरी तो निघाला. कोणते काम आपले आणि कोणते नाही, हे त्या अंधारातल्या प्रार्थनेत ठरले, असे मी समजतो. गर्दीत उभे राहून ते ठरत नाही.

सहाव्या अध्यायातला प्रसंग तर मला फारच जवळचा आहे. प्रेषित, म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, सेवा करून परतले आहेत. लोकांची येजा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. ते मचव्यातून निघतात, पण लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे हजर! येशूला कळवळा येतो, तो त्यांना शिकवत बसतो, पुढे पाच हजारांना जेवू घालतो. आम्ही पाळक बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि एकमेकांना सांगतो की प्रभूनेही विश्रांती सोडून दिली. पुढच्या ओळी वाचाव्यात. जेवणे आटोपताच तो शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि प्रार्थना करायला एकटा डोंगरावर जातो. विसावा लांबला, पण त्याने तो सोडला नाही.

माझी रीत सांगतो, कोणा तरुण सेवकाच्या कामी येईल. पहाटे खोलीचे दार लावून घेतो, फोन बाहेर ठेवतो. रविवारच्या संदेशाचा शास्त्रभाग त्या वेळी उघडत नाही, आणि हा नियम मी कसोशीने पाळतो. पाळकाची नजर वचनावर पडली की लगेच मुद्दे सुचू लागतात: पहिला, दुसरा, तिसरा, आणि इथे अमका दाखला. देवापुढे बसलेला मी बघता बघता मंडळीपुढे जाऊन उभा राहतो. म्हणून बायबलच्या स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र घेतो, बहुधा ६२वे, आणि स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात सावकाश वाचतो. एखादी ओळ धरून ठेवते, तिथे थांबतो. शेजारी कागद असतो. कोणाला फोन करायचा राहिला हे आठवले की तिथे टिपतो आणि स्तोत्राकडे वळतो.

मग माणसांची नावे. बायबलमधल्या निर्गमाच्या २८व्या अध्यायात महायाजक अहरोनाच्या ऊरपटाचे, म्हणजे छातीवरच्या पट्टाचे, वर्णन आहे. त्यावरच्या बारा रत्नांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली असत, आणि ती हृदयावर वागवून तो पवित्रस्थानात जाई. मीही नुसती नावे घेतो. दारू सुटत नाही त्या मुलाचे, त्याच्या आईचे, माझ्याशी बोलणे टाकलेल्या वडिलांचे. देवाला उपाय सुचवत बसत नाही. शेवटी काही वेळ न बोलता बसतो. त्या घटकेला मी कोणाचा पाळक नसतो, बापाजवळ आलेले लेकरू असतो.

काही सकाळी मन कोरडेठाक असते, घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. तरी बसतो. दुपारी कोणी तावातावाने अंगावर आले की मग फरक कळतो: माझी उत्तराची घाई गेलेली असते, समोरच्याचे दुःख आधी दिसते.

प्रार्थनेने झोपेची भरपाई होते असे मात्र कोणी समजू नये. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला उठवले. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद स्वर त्याला ऐकू आला तो त्यानंतर.

मोठ्या पदावरच्यांनाही यातून सुटका नाही. फ्रान्समधल्या क्लेअरव्होच्या मठात घडलेले युजिनियस ११४५ साली पोप झाले, तेव्हा त्यांचे गुरू बर्नार्ड यांना काळजी वाटली ती याचीच. दिवसभर लोकांचे कज्जे ऐकून हृदय कठीण होईल, असे त्यांनी शिष्याला कळकळीने लिहिले. सगळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे, तर त्या सगळ्यांत तू स्वतःलाही धर, असेही बजावले.

आता विनंती मंडळ्यांना. बायबलमधल्या गणनाच्या ११व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला विचारतो, या सगळ्या लोकांना मी जन्म दिला काय? देव त्याला रागावत नाही, भार वाहायला लोकांतले सत्तर वडील, म्हणजे जाणते पुढारी, देतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वडीलमंडळातल्या एका काकांनी असेच केले. पहाटेचा माझा फोन त्यांनी आपल्याकडे वळवून घेतला. मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर ते येऊन दार वाजवतात, सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे याचे उत्तर ते स्वतः देतात. एवढ्या एका गोष्टीने माझी सेवा किती वर्षांनी वाढली, ते देव जाणे. पाळक दार लावून बसला म्हणजे आळशी झाला, अशी कुजबुज सुरुवातीला झाली. काकांनी ती परस्पर मिटवली.

प्रत्येक वडीलमंडळाने पुढच्या बैठकीत हिशेबाच्या आधी हा विषय घ्यावा: आपल्या पाळकाला रोज कोणती वेळ मोकळी मिळते, आणि तेव्हा त्याचा फोन कोण उचलणार? चर्चा चालू असताना पाळकाने बाहेर थांबावे, कारण तो आत असला तर संकोचाने ‘माझे काही अडत नाही’ म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल.

आपला विश्वासू,
एक पाळक