टाकीतला क्लोरीन ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ नको

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था, सिंहगड रस्ता, पुणे

विषय : पाण्याच्या टाकीतील ब्लीचिंग पावडर आणि स्वच्छतागृहातील अ‍ॅसिडच्या वापराबाबत

सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात पार्किंगमधल्या स्वच्छतागृहात सफाईच्या मावशींना एकाएकी खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून धारा लागल्या. वॉचमनने त्यांना बाहेर मोकळ्यावर आणून बसवलं म्हणून निभावलं. ‘फिनाईलचा वास सहन झाला नाही’ असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं आणि विषय तिथेच संपला. फिनाईलचा काही संबंध नव्हता. भांड्यात आधी अ‍ॅसिड ओतलं होतं, डाग निघेना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे खिडकी नसलेल्या खोलीत खालीच साचतो आणि वाकून घासणाऱ्या बाईच्या थेट नाकातोंडात जातो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तो हाच. शिवडीला हाजी बंदरावर पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून २०१० साली गळला तोही हाच. त्याचा फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी काही तासांनी दिसतो, तेव्हा अशा वेळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणाल्या तरी मावशींना डॉक्टरकडे न्यायलाच हवं होतं.

एवढं वाचून कुणी क्लोरीनच बंद करा म्हणेल, म्हणून पुढचं लिहितो. आपल्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी संबंध जोडला गेलेला मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांना क्लोरीनची आठवण झाली होती. आपल्याकडे निम्मं पाणी टँकरचं. त्याच्या शुद्धतेची हमी कोण देणार? क्लोरीनमुळे पाण्यात नको ते उपपदार्थ थोडेफार तयार होतात हे खरं, पण कावीळ आणि टायफॉइड त्यांच्या कितीतरी आधी दारात येतात.

आपली अडचण क्लोरीन असण्याची नाही, तो न मोजता टाकण्याची आहे. दर सोमवारी वॉचमन खालच्या टाकीचं झाकण उघडून मगभर कोरडी पावडर आत भिरकावतो. मी तो मग घरच्या काट्यावर मोजून पाहिला, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरला. चांगल्या प्रतीच्या पावडरीचं सर्वसाधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या साठ हजार लिटरच्या टाकीला दीडशे ग्रॅम. सोमवारी चौपट, म्हणून आंघोळीला डोळे चुरचुरतात. पुढे नवे टँकर येतात, पाणी उपसलं जातं आणि आठवडा सरता सरता क्लोरीन नावालाही उरत नाही. त्यात पावडरीची गोणी पंपरूमच्या ओलीत तोंड उघडं ठेवून पडलेली. हवा, ऊन, दमटपणा यांनी पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग मोजून टाकली तरी उपयोग काय?

रीत अगदी सोपी आहे. मोजलेली पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाण्याने भरून ढवळायची. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घालायचं, साका नाही. पाणी वर चढवण्याआधी किमान अर्धा तास थांबायचं. टँकर खाली झाला की दर वेळी हे व्हावं. महापालिकेच्या पाण्यात मुळातच क्लोरीन असतो, तिथे आधी तपासून मगच ठरवावं.

तपासायला ओटी किट (ऑर्थोटोलिडीन हे रसायन वापरून पाण्यातला क्लोरीन मोजायचा छोटा संच) पुरतं. गावोगावी आरोग्यसेवक वापरतात तेच. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग चढतो, तो लगेच पट्टीशी ताडून बघायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. तपासणी वरच्या मजल्यावरच्या नळालाही व्हावी आणि तळमजल्याच्या नळालाही. ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तर मी ऐकलंय. आरओ आपल्या स्वयंपाकघरात आहे. वॉचमन, मावशी आणि गाड्या धुणारी मुलं तळमजल्याचंच पाणी पितात.

स्विमिंग पूलबद्दल थोडं. वास येतो म्हणून क्लोरीन कमी करा, अशी तक्रार आली आहे. तो उग्र वास बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. तेव्हा आधी शॉवरची सक्ती करा (आणि पोरांना आधी बाथरूमला पाठवा, हे पालकांना कोण सांगणार?). मात्र पूलच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच फळीवर ठेवल्या आहेत, त्या आजच्या आज वेगळ्या करा. दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.

सुट्टं अ‍ॅसिड सोसायटीत आणणं पूर्ण बंद करावं आणि ते सफाईच्या कंत्राटातच लिहून घ्यावं. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या जागी, खरेदीची तारीख लिहून ठेवावी. टाकीच्या नोंदवहीत टँकरची वेळ, पावडरीचं वजन आणि ओटीचं माप असे तीन रकाने वाढवावेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे घ्यावं ही विनंती. किटचा खर्च मेंटेनन्समध्ये बसत नसेल तर पहिलं मी आणून देतो. वॉचमनला एकदा करून दाखवायलाही रविवारी सकाळी मोकळा आहे.

आपला,
बी विंगमधील एक सभासद