दलालीचे दोन टक्के फुकटचे नाहीत

‘घर दाखवण्यापलीकडे एजंट करतो तरी काय?’ असा सूर लावणारा लेख वाचला. तो पटला नाही. पुण्यात मी याच धंद्यात आहे. जुन्या सदनिकेचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची अधिकृत परवानगी), बँकेचा बोजा, सोसायटीची थकबाकी हे सगळे तपासावे लागते. त्यातून ऐन दस्तनोंदणीच्या दिवशी विक्रेत्याच्या भावाला हिस्सा आठवला, की महिन्यांची मेहनत पाण्यात, दलाली शून्य! महारेराने (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने) २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, ते योग्यच झाले. पण हा नियम रेरा-नोंदणीकृत प्रकल्पांपुरता आहे. भाड्याने घर मिळवून देणाऱ्याला ना परीक्षा, ना नोंदणी; बदनामी मात्र सरसकट. त्यांनाही परीक्षेला बसवावे.

– एक इस्टेट एजंट, पुणे